पुरेसे साहित्य नव्हते

१८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तीन राज्यांचे कायदे वैध ठरवले आणि जल्लीकट्टू, कंबळा व बैलगाडा शर्यत यांच्यावरचे सावट दूर झाले. त्या दिवशी मराठी वृत्तवाहिन्यांवर गुलाल उधळला गेला, श्रेयाची वाटणी झाली, आणि दुसऱ्या दिवशी विषय संपला. निकालपत्र किती जणांनी वाचले असेल, देव जाणे. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या प्राध्यापकाने तरी ते वाचायला हवे होते. त्यात एक वाक्य आपल्यासाठी आहे, आणि ते प्रशंसेचे नाही.

२०१४ साली याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने (न्या. राधाकृष्णन आणि न्या. घोष) जल्लीकट्टू व बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली होती. बैलाची शरीररचना धावण्यासाठी नाही, त्याला भीती वाटते, वेदना होतात, हे त्या निकालाचे मर्म. पण न्यायमूर्ती तेथे थांबले नाहीत. बैलाची पूजा करणे हीच तमिळ परंपरा आहे, त्याला असे छळणे ही परंपरा नव्हे, असा सांस्कृतिक निवाडाही त्यांनी देऊन टाकला. नऊ वर्षांनी घटनापीठाने नेमके याच मुद्द्यावर आपले मत वेगळे नोंदवले. त्याचा आशय असा की, त्या निष्कर्षाला पोचण्यासाठी तेव्हाच्या पीठासमोर पुरेशी सामग्री नव्हती. एखादी गोष्ट एखाद्या प्रदेशाच्या संस्कृतीचा भाग आहे की नाही, हे ठरवायला सखोल सामाजिक-सांस्कृतिक विश्लेषण लागते. ते न्यायालयाचे काम नाही. विधिमंडळाने आपले मत दिले आहे, आम्ही ते मोडणार नाही.

इंग्रजी निकालातील त्या 'सामग्री'साठी मराठीत दुसरा एक शब्द सहज सुचतो: साहित्य. स्वयंपाकाचे साहित्य, पूजेचे साहित्य, बांधकामाचे साहित्य. आणि आपण ज्याचे तास घेतो ते साहित्य. न्यायालयासमोर पुरेसे साहित्य नव्हते, असे वाक्य मराठीत केले की त्याचा रोख वकिलांवरून सरकतो आणि आपल्यावर येतो.

तमिळ माणसाची बाजू निदान रिकाम्या हाताची नव्हती. संगम वाङ्मयातील कलित्तोगैमध्ये बैलाला मिठी घालून आवरणाऱ्या गवळी तरुणांची वर्णने आहेत, आणि शाळेत शिकलेल्या तमिळ माणसाला ती ठाऊक असतात. आमच्याकडे काय होते? भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर, साकोली, पवनी या तालुक्यांत धान घरात आले की ज्या पटाची वाट पाहिली जाते, त्या शंकरपटाविषयी न्यायालयाच्या टेबलावर ठेवण्याजोगे एक प्रकरण तरी मराठी समीक्षेने लिहिले होते का? निकालातील संस्कृतीची सारी चर्चा जल्लीकट्टूभोवती फिरते. महाराष्ट्राचा कायदा त्याच तर्काच्या आधाराने पलीकडच्या काठाला लागला. आम्ही दुसऱ्याच्या वाङ्मयाच्या नावेत बसून नदी ओलांडली आणि उतरल्यावर नावाड्याला ओळखही दिली नाही.

खरी नामुष्की आणखी पुढे आहे. २०१७ साली महाराष्ट्र विधिमंडळाने प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या केंद्रीय कायद्यात जी दुरुस्ती केली, तिच्यातील व्याख्येत तीन नावे घेतली आहेत: बैलगाडा शर्यत, छकडी आणि शंकरपट. गाडीवान असो वा नसो, असेही त्या व्याख्येत आहे. हे शब्द मसुदा करणाऱ्याने हौसेने घातलेले नाहीत. खेड, जुन्नर, आंबेगाव या भागात बैलगाडा घाटात सुटतो, तेव्हा त्यावर माणूस नसतो, पुढे घोडी धावते. आमच्याकडे पट सपाट जमिनीवर सरळ रेषेत होतो, छकडा हलका असतो आणि त्यावर धुरकरी असतो. सारा खेळ जनावराचा आणि त्या माणसाचा मिळून होतो. पहिल्या प्रकारात माणूस बैल सोडून देतो, दुसऱ्यात बैलाबरोबर जातो. एवढा मोठा फरक मंत्रालयातील कुणा अधिकाऱ्याच्या ध्यानात आला आणि अर्ध्या वाक्यात का होईना, कायद्यात उतरला. मराठी वाङ्मयसमीक्षेत, ग्रामीण साहित्याच्या चर्चासत्रांत, खंडच्या खंड निघणाऱ्या कोशांत तो किती उतरला आहे? १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने शर्यतींना तात्पुरती परवानगी दिली, तेव्हा राज्यभर एकच आरोळी मथळ्यात आली: भिर्रर्र. ती घाटावरची आरोळी आहे. वैनगंगेच्या काठच्या वाचकानेही तीच आपली म्हणून वाचली, कारण त्याची स्वतःची आरोळी कुणी छापलेलीच नव्हती.

आता स्थानिक बातम्यांकडे वळू. तालुक्याच्या बातमीदाराने दिलेली पटाची बातमी ज्याने वाचली आहे त्याला तिचा साचा पाठ असतो. भव्य शंकरपटाचे आयोजन. उद्घाटक अमुक, सहउद्घाटक तमुक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी, मग 'प्रामुख्याने उपस्थित' अशी एक लांब शेपटी. त्यानंतर गटवार बक्षिसांच्या रकमा. जोडीच्या मालकाचे नाव कधी येते, धुरकऱ्याचे क्वचित, बैलांचे जवळजवळ नाहीच. बातमीदाराला दोष देण्यात अर्थ नाही; अनेकदा त्याचे पोट जाहिरातीच्या वसुलीवर चालते आणि व्यासपीठावर बसलेला माणूसच जाहिरात देतो. परंतु एवढे मात्र खरे की, पन्नास वर्षांनी कुणी या पटांचा इतिहास लिहायला बसला तर त्याच्या हाती उद्घाटकांची यादी लागेल. धाव लागणार नाही.

बाहेरच्या वृत्तपत्रांत भंडाऱ्याचे नाव येते ते आपत्तीच्या वेळी. २००६ साली खैरलांजी. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अर्भक कक्षात लागलेली आग आणि दहा बालकांचे मृत्यू. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतील स्फोट. बाहेर आपत्ती आणि घरी उद्घाटकांची यादी: या दोन टोकांच्या मध्ये जे जगणे आहे त्याला गद्य मिळालेले नाही.

मराठीचे विभाग येथे हात वर करतील. झाडीपट्टी रंगभूमीवर प्रबंध आहेत, दंडार आणि खडी गंमत यांवर लेखन आहे, साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी आयुष्य वेचले. हे सगळे मान्य, आणि बोरकरांचे नाव तर आदरानेच घ्यायचे. पण या अभ्यासाची एक खोड पाहा. तो रात्री सुरू होतो. पडदा वर गेला की प्रबंधकाराची वही उघडते. संहिता, संगीत, नेपथ्य, स्त्रीपात्रे, वडशाच्या कंपन्यांचे अर्थकारण, सारे नोंदले जाते. पण हे हजारो लोक त्या गावात त्या दिवशी कशाला आले होते? पुष्कळ ठिकाणी ते पटाला आले होते. पाहुणे दुपारी पट पाहतात, संध्याकाळी सोयऱ्याकडे जेवतात, रात्री नाटकाला बसतात आणि पहाटे घरी परततात. पट हे निमित्त, नाटक हा मुक्काम. निमित्त काढून घेतले की मुक्काम किती दिवस टिकेल, हा प्रश्न २०१४ नंतरच्या सात वर्षांत झाडीपट्टीतील प्रत्येक आयोजन समितीपुढे होता. त्या वर्षांत प्रयोग कुठे कमी झाले, कुठे मंडईच्या आधाराने टिकले, वर्गणी कोणत्या कारणाने मागितली गेली, हे रंगभूमीच्या अभ्यासकाचेच प्रश्न होते. पण बैल शिवारात, नाटक अभ्यासक्रमात, अशी वाटणी आपण आधीच करून ठेवली होती.

जानेवारी २०२३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली आणि झाडीपट्टी रंगभूमीचा गौरव झाला, तो रास्तच होता. त्याच वर्षी मे महिन्यात पटाच्या कायद्यावर शिक्कामोर्तब झाले. एकाच दिवसरात्रीची ही दोन अंगे आहेत. एकाचा निर्णय राष्ट्रपती भवनात झाला, दुसऱ्याचा न्यायालयात. दोहोंचा एकत्र विचार करणारा लेख निदान माझ्या वाचनात नाही.

पोळ्याच्या झडत्या मात्र आपण गोळा करतो. त्यांचे संग्रह निघतात, त्यांवर लोकसाहित्याचा पेपर वाचता येतो. कारण झडती शब्दांची आहे आणि शब्द सुरक्षित असतात. पटाला शेणमुताचा वास आहे, पैज आहे, दारू आहे, भांडण आहे. त्याच्या जवळ गेले तर पराणीचे टोकही पाहावे लागते.

तेव्हा त्याविषयीही बोलू, नाहीतर हा लेख म्हणजे आणखी एक परंपरेचा जयघोष ठरायचा. पराणी टोचणे, शेपूट पिरगाळणे, हे पटात होत आले आहे आणि ज्याने पट पाहिला आहे त्याने ते पाहिले आहे. परंपरेचे वकील या ठिकाणी एकदम मुके होतात किंवा 'आम्ही बैलाला पोटच्या पोरासारखे सांभाळतो' हे वाक्य काढतात. दोन्ही गोष्टी एकाच गोठ्यात खऱ्या असू शकतात. माणूस पोटच्या पोरालाही मारतो. माझ्या मते २०१४ चा निकाल बैलाच्या वेदनेविषयी बरोबर होता आणि संस्कृतीविषयी घाईचा. २०२३ चा निकाल संस्कृतीविषयी विनम्र आहे. वेदनेचा प्रश्न मात्र त्याने नियमांच्या आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीच्या हवाली केला. पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, असे शिक्षेचे कलम महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. ते पटाच्या दिवशी किती जागे असते, हे पाहायला बातमीदाराने उद्घाटकाकडे पाठ करून उभे राहायला हवे.

परंपरेच्या वकिलांचे दुसरे लाडके वाक्य: पटात अवघा गाव जातिभेद विसरून एकत्र येतो. हे वाक्य भंडारा जिल्ह्यात उच्चारताना जीभ थोडी तरी अडखळली पाहिजे. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची, आईची, मुलीची आणि दोन मुलांची, हत्या झाली, तेव्हाही गाव एकत्रच आला होता. १५ सप्टेंबर २००८ रोजी भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना खुनासाठी दोषी धरले, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली कुणालाही दोषी धरले नाही. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही त्या बाबतीत तेच मत ठेवले. म्हणजे एका सामाजिक वास्तवाविषयी, जातीविषयी, न्यायालयाने आपल्यापुढील पुराव्यावरून निष्कर्ष काढून टाकला. बैलांच्या प्रकरणात मात्र पंधरा वर्षांनी दुसऱ्या न्यायालयाला जाणवले की समाजाविषयीचे असे निष्कर्ष सामग्रीवाचून काढू नयेत. दोन खटल्यांची तुलना कुणाला अस्थानी वाटेल. मला ती अटळ वाटते. गाव म्हणजे काय, हा प्रश्न दोन्हीकडे होता, आणि दोन्हीकडे गावाचे बारीक, निर्दय, घरोघर जाऊन केलेले वर्णन हाताशी नव्हते. खैरलांजीवरचे विस्तृत पुस्तक आनंद तेलतुंबडे यांनी लिहिले, २००८ साली, इंग्रजीत.

म्हणून पटाविषयी विचारायचे प्रश्न 'संस्कृती की क्रौर्य' या वादसभेच्या विषयापेक्षा फार साधे आहेत. जोडी कोणाची असते? किती एकर धानाचा मालक ती पोसू शकतो? नांगराला ट्रॅक्टर आल्यावर जो बैल केवळ पटासाठी पोसला जातो, त्याला कामाचा बैल म्हणायचे की खेळाडू? धुरकरी कोणत्या घरातला असतो, त्याला काय मिळते, तो पडला तर दवाखान्याचा खर्च कोण करतो? बायका कोठे उभ्या राहतात, आणि रात्रीच्या नाटकाला त्याच बायका पुढे बसतात, ते का? ज्यांच्या बांध्यांतून पटाची जागा काढली जाते त्यांना कोणी विचारते का? आणि या साऱ्यासाठी झाडीबोलीत जे शब्द आहेत ते कोणत्या कोशात शोधायचे?

यांपैकी एका प्रश्नाचेही उत्तर ग्रंथालयात बसून मिळणार नाही, आणि त्यासाठी विद्यापीठाच्या अनुदानाचीही गरज नाही. लाखांदूर किंवा साकोलीच्या महाविद्यालयात पदव्युत्तर मराठीच्या वर्गात बसलेल्या मुलामुलींपैकी काहींच्या घरी जोडी असेल, काहींचे वडील किंवा काका धुरकरी असतील. त्यांना आपण अंतर्गत मूल्यमापनासाठी 'ग्रामीण कादंबरीतील कृषिजीवन' हा विषय देतो. मग ती मुले पश्चिम महाराष्ट्रातील कादंबऱ्या वाचून, त्यांतले मोट, नाडा, सौंदर हे शब्द पाठ करून, वीस पाने भरून आणतात. धानाची बांधी, तिच्यातला चिखल, मामा तलावाचे पाणी, हे त्यांच्या निबंधात येत नाही, कारण ते संदर्भग्रंथात नसते.

पटाच्या आमंत्रणाचे एक पत्रक मिळवून ते वर्गात वाचावे. गुलाबी किंवा पिवळा पातळ कागद, वर देवाचे नाव, खाली उद्घाटकांची उतरंड, मग गट आणि बक्षिसे, प्रवेश फी, 'पंचांचा निर्णय अंतिम राहील', आणि तळाशी चौकटीत रात्रीच्या नाटकाचे नाव, कंपनी, तिकिटाचे दर. २०१४ पूर्वीचे एक आणि २०२१ नंतरचे एक शेजारी ठेवावे. दुसऱ्यात परवानगीचा उल्लेख आहे का, बक्षिसाची रक्कम किती वाढली, नाटकाची चौकट मोठी झाली की लहान, आणि धुरकऱ्यासाठी एखादी ओळ आली का, एवढे पाहायला एक तास पुरेल.