कुलूप कितीही मजबूत असो

१३ गुणिले ११ म्हणजे १४३, हे आपण चटकन सांगतो. १४३ चे अवयव शोधायला मात्र थांबावे लागते. मोठ्या संख्यांच्या याच अडचणीवर ऑनलाइन व्यवहारांची अनेक कुलपे बनली आहेत. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी अशी १२९ अंकी संख्या फोडण्याचे आव्हान दिले. अब्जावधी वर्षे लागतील, असा अंदाज होता. १९९४ साली सुमारे ६०० स्वयंसेवकांनी संगणकांवर ती फोडली. अवघ्या १७ वर्षांत! २०२० साली २५० अंकीही फुटली.

व्यापारी व कारागीर बांधवांनो, कोणतेही कुलूप कायमचे नसते, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुकानाचे जुने टाळे आपण बदलतो, तसे फोनमधील सॉफ्टवेअरही वेळेवर अद्ययावत करावे. आणि ओटीपी सांगून किल्लीच परक्याच्या हाती देऊ नये.