वाटेवरचा दिवा

ऐन वैशाखवणव्यात दरवर्षी १२ मे उजाडतो आणि रुग्णालयांच्या सभागृहांतून पांढऱ्या पोशाखातल्या मुली हाती दिवे घेऊन सेवेची शपथ घेतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा हा जन्मदिवस. दिवा म्हटला की आपल्याला आठवते देव्हाऱ्यातली समई, तिन्हीसांजेला तुळशीपुढे लावलेली पणती. एका जागी तेवणारी, घर राखणारी. नाइटिंगेलबाईंच्या हातात मात्र घडी घालून सोबत नेता येईल असा तुर्की कंदील होता. तो वाटसरूचा दिवा.

नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ स्त्रियांना घेऊन त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या, तेव्हा क्रायमियाच्या युद्धातले सैनिक जखमांपेक्षा कॉलरा, हगवण आणि टायफसनेच अधिक मरत होते. परमुलखातल्या युद्धापर्यंत गेलेली ती वाट पुढे आपल्या दारावरूनही गेली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाहून येणाऱ्या घायाळांची शुश्रूषा करीत ऑस्ट्रेलियाच्या परिचारिका मुंबई-पुण्याच्या युद्ध-रुग्णालयांत राबल्या. आपला उन्हाळा आणि आपला पाऊस त्यांनी अंगावर काढला.

त्यांच्याच देशाच्या ६५ परिचारिका दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी १९४२ मध्ये, सिंगापूर जपान्यांच्या हाती पडण्याच्या बेतात असताना, रुग्णांना सोडून जायला मन घेत नव्हते तरी हुकमाखातर ‘व्हायनर ब्रूक’ जहाजावर चढल्या. बॉम्बहल्ल्यात जहाज बुडाले. बांका बेटाच्या किनाऱ्याला लागलेल्यांपैकी २२ जणींना जपानी सैनिकांनी समुद्रात चालत जायला लावले आणि पाठीमागून गोळ्या झाडल्या. वाचल्या त्या एकट्या व्हिव्हियन बुलविंकल. कमरेवरच्या गोळीच्या जखमेसह त्यांनी पुढले बारा दिवस जंगलात एका जखमी ब्रिटिश सैनिकाची सेवा केली. त्यानंतर साडेतीन वर्षे कैद. ६५ पैकी २४ जणीच मायदेशी परतल्या.

आपल्या व्रतांना उद्यापन असते. घेतला वसा कधी टाकायचा हे ठाऊक असते. रुग्णालय उरले नाही, औषध उरले नाही, हुकूम देणारेही कोणी उरले नाही, तरी त्या जंगलात हा वसा टाकला गेला नाही.

अशा कथा ऐकल्या की आपले हात आपसूक जोडले जातात आणि आपण परिचारिकेला देवी म्हणून मोकळे होतो. देवीला झोप लागत नाही, भीती वाटत नाही, पगार लागत नाही. नाइटिंगेलबाईंना अशी पूजा पुरली नसती. त्यांनी स्वच्छ पाणी, मोकळी हवा आणि गटारे यांचा आग्रह धरला, मृत्यूंचे आकडे मांडून सरकारला जाब विचारला. तेव्हा १२ मेच्या फुलांसोबत आपणही थोडे हिशेब मांडावेत: रात्रपाळीला एकीच्या वाट्याला किती खाटा येतात, तिच्या विश्रांतीला खोली आहे का, पहाटे घरी पोहोचायची सोय आहे का. दिव्याला नमस्कार तर आपण रोज करतोच. त्यात तेल घालणे हेही घरच्यांचेच काम असते.