मुलांना खेळघर बांधून देऊ नका

गेल्या मे महिन्यात मी पुतणीसाठी दादाच्या रो-हाउसच्या मागच्या अंगणात खेळघर बांधलं. चार बाय सहा फूट. बारा एमएमचा वॉटरप्रूफ प्लाय, लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, पाणी ओघळून जावं म्हणून उतरतं छप्पर. खिडकीच्या कडा पॉलिश पेपरने घासून गोल केल्या. त्याआधी लॅपटॉपवर थ्रीडी मॉडेल काढलं होतं, हे सांगायला आता लाज वाटते. तीन वीकेंड आणि अठरा हजार रुपये गेले. फोटोला लाइक्स भरपूर आले.

पुतणी सात वर्षांची. तिची चार-पाच जणांची गँग त्यात आठवडाभर खेळली. मग त्यांनी घराच्या बांधकामातून उरलेल्या विटा, एक फाटकी ताडपत्री आणि वहिनीचे कपडे वाळत घालायचे बांबू पळवले आणि पलीकडच्या कोपऱ्यात स्वतःचं घर उभं केलं. माझं घर आता तुरुंग आहे. चोर-पोलिसात पकडलेल्या चोराला तिथे कोंडतात.

आधी राग आला. मग लक्षात आलं की खेळ तर मीच खेळून संपवला होता. मोजणं, कापणं, चुकणं, परत ठोकणं ही सगळी मजा मी घेतली आणि त्यांना उरला फक्त गृहप्रवेश. ऑफिसातही मी दिवसभर हेच करतो म्हणा. युजरला न विचारता फीचर बांधायचं आणि तो वापरत नाही म्हणून त्याच्यावर चिडायचं.

त्यांचं घर जूनच्या पहिल्या पावसात एका बाजूला कललं. चार उभे बांबू, वर चार आडवे, गाठी ढिल्या, कलणारच. मी खिडकीतून बघत होतो आणि मोठ्या कष्टाने तोंड बंद ठेवलं. दोन दिवस त्यांनी नुसतंच ढकलून सरळ केलं, ते परत झुकलं. तिसऱ्या दिवशी पुतणीने एक बांबू कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका बांधला आणि घर हलायचं थांबलं. चौकोन झुकतो, त्रिकोण झुकत नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ट्रसची गणितं मी पानंच्या पानं सोडवली, पण कलणारं काही हाताने सावरण्याची वेळ कधी आली नाही. पुढे ताडपत्रीत पाणी साचून तिला पोट आलं, तेव्हा त्यांनी मधोमध टेकू लावून ती उंच केली. छपराला उतार का हवा, हे माझ्या छपराने त्यांना महिनाभरात शिकवलं नव्हतं.

यात मी काही नवा शोध लावलेला नाही. सोरेन्सन नावाच्या डॅनिश लँडस्केप आर्किटेक्टने अनेक खेळाची मैदानं आखली होती. मुलं मात्र बांधकामाच्या जागी, भंगारात जास्त रमतात, हे त्याने पाहिलं. 1943 साली, डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनच्या एम्ड्रुप भागात त्याच्या कल्पनेतून भंगाराचं मैदान सुरू झालं. तिथे फळ्या, विटा आणि हत्यारं होती, आणि घरं मुलांनीच बांधायची होती. लेडी अ‍ॅलन या ब्रिटिश बाईंनी ते पाहिलं आणि युद्धानंतर ब्रिटनमध्ये, बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या मोकळ्या जागांवर अशी मैदानं व्हावीत म्हणून रान उठवलं. टोकियोच्या सेतागाया भागात 1979 पासून असंच एक मैदान आहे.

आणि आपल्याला कोपनहेगनला जायची तरी काय गरज? दिवाळीचा किल्ला काय होता? माती, दगड, गोणपाट, वर पेरलेले अळीव. बुरूज ढासळायचा, परत लिंपायचा. आता प्लास्टरचा तयार किल्ला विकत मिळतो, आणि किल्ल्याच्या स्पर्धेत बाबा लोक उतरतात. पोरं बाजूला मावळे धरून उभी.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे सोसायटीच्या कमिटीची नोटीस. मुलांचं घर ‘अनधिकृत बांधकाम’ आहे म्हणे, रविवारपर्यंत काढा. त्याऐवजी मेंटेनन्सच्या पैशातून बागेत रंगीत प्लास्टिकचं खेळघर आणायचा प्रस्ताव आहे. ग्रुपवर दोन मुद्दे आले.

पहिला सुरक्षिततेचा. तो मला मान्य आहे, अर्धा. गंजका खिळा, फुटकी काच, विटांखालचा विंचू हे मुलांना दिसत नाही, ते शोधून काढणं आपलं काम. मी दर शनिवारी ते करतो. विटा कमरेच्या वर रचायच्या नाहीत, हा नियमही आहे. पण डगमगता बांबू मुलाला दिसतो, त्याचा अंदाज त्यालाच घेऊ द्यावा. एकदा हातोडी बोटावर बसली. नख काळं पडलं. त्यानंतर खिळा धरायची पद्धत बदलली, माझ्या लेक्चरशिवाय.

दुसरा मुद्दा एका सभासदाने थेट लिहिला: ‘मागच्या रस्त्यावरून झोपडपट्टीसारखं दिसतं.’ खाली सात अंगठे. साहेब, तुमचं-आमचं रो-हाउस ज्यांनी बांधलं, ते मजूर याच प्लॉटवर पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. त्यांची पोरं इथल्याच वाळूत घरं करून खेळत होती, तेव्हा आपण साइट व्हिजिटला येऊन बाल्कनीची दिशा बघत होतो. ताडपत्रीची लाज वाटते, की ती पाहून कोण आठवतं त्याची? आपली पोरं तरी अजून ताडपत्रीला ताडपत्री म्हणतात. उद्या ती काढायला लावताना त्यांना कारण काय सांगणार आहात, ते मला ऐकायचंय.

रविवारच्या मीटिंगला मी जातोय. प्लास्टिकच्या घराच्या पैशात बांबू, सुतळी, दोन लहान करवती आणि एक जाड ताडपत्री घ्यावी आणि बागेचा एक कोपरा मोकळा सोडावा, असा उलट प्रस्ताव लिहून ठेवलाय. माझ्या प्लायच्या घराचे स्क्रू काढायला काल सुरुवात केली. पुतणीला दोन फळ्या दरवाज्यासाठी हव्या आहेत. बिजागरी कुठली लावायची हे विचारायला ती आली होती. मी डबा पुढे केला.