बदलीचे निमित्त

परमुलखातील आम्हां मराठी सरकारी नोकरांचा एक ठरीव युक्तिवाद आहे : तीन वर्षांनी बदली व्हायची, वसाहतीचे मैदान उजाड पडले, तर आमचे काय जाते? हा युक्तिवाद नव्हे, पळवाट होय. गणेशोत्सवाच्या मंडपापुरते मैदान आमचे आणि उरलेले अकरा महिने कोणाचेच नाही, हे लाजिरवाणे आहे.

बंगळूरचे पुट्टेनहळ्ळी तळे कचऱ्याने व राडारोड्याने मरणपंथास लागले होते. भोवतालच्या रहिवाशांनी २०१० साली विश्वस्त संस्था स्थापिली आणि २०११ मध्ये तेथील महानगरपालिकेशी करार करून देखभाल शिरावर घेतली.

उद्याने राखणे हे नगरपालिकेचे काम, असे कोणी म्हणेल. मान्य, १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ते बाराव्या अनुसूचीत घातलेच आहे. परंतु पाठपुराव्यावाचून फाईल हलत नाही, हे आमच्याइतके कोण जाणतो? मग ही विद्या वसाहतीच्या कामी का लावू नये? बदलीच्या वेळी कार्यभार सोपविताना आम्ही कागद नीट लावून देतो. मागून येणाऱ्याच्या मुलांसाठी मैदानही तसेच सोपविले पाहिजे.