कोणती भुईआवळी?

२०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. करोनाच्या साथीत प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद त्यात होती. आयुष मंत्रालयाने लगेच आक्षेप घेतला की, रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीची ओळख पटवली गेलेली नाही. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, म्हणजे आपली गुळवेल, आणि तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांत गफलत होऊ शकते, आणि ही दुसरी यकृताला अपायकारक ठरू शकते. पुढच्या वर्षी देशातील १३ केंद्रांतून अशाच ४३ रुग्णांचा अहवाल आला. वाद अजूनही शमलेला नाही.

मंत्रालयाचा प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या योग्यच होता. माझी तक्रार वेगळी आहे. वनस्पतीवर आरोप झाला की आपल्याला तिच्या जातीची आठवण होते. तिची स्तुती होते तेव्हा हा प्रश्न कोणी विचारत नाही. ‘अमुक वनस्पती तमुक रोगावर गुणकारी’ अशी विज्ञानवार्ता आठवड्याला एक तरी येते, आणि त्यातील वनस्पतीचे नाव आपण निःशंकपणे स्वीकारतो.

मी ज्या चेन्नईत काम करतो, तेथेच याचे सर्वांत बोलके उदाहरण घडले आहे. तमिळमध्ये जिला कीळानेल्ली म्हणतात ती आपली भुईआवळी. पानांखाली ओळीने लटकणारी इवली फळे पाहून दोन्ही भाषांना आवळाच आठवला. कावीळ झाली की तिचा रस घ्यायचा, ही परंपराही दोन्हीकडे सारखीच. मद्रास विद्यापीठातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एस. पी. त्यागराजन यांनी हेपटायटिस बी विषाणूच्या संदर्भात तिचा अभ्यास केला. या विषाणूच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते नोबेल विजेते बारूक ब्लमबर्गही या कामात सहभागी होते. १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निष्कर्ष आला: भुईआवळीची भुकटी ३० दिवस घेतलेल्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचे पृष्ठप्रतिजन नाहीसे झाले, तुलनागटातील २३ पैकी केवळ एकाच्या. ज्या आजाराला तेव्हा समाधानकारक औषध नव्हते, त्यावर मद्रासच्या परसातील तण चालते, ही केवढी मोठी बातमी!

पण एक तपशील पाहा. १९८७ मध्ये ब्लमबर्ग आणि त्यांच्या फिलाडेल्फियातील सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतील आणि वुडचक या प्राण्यावरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा वनस्पतीचे नाव होते फिलॅन्थस निरुरी. १९८८ मध्ये ते झाले फिलॅन्थस अमारस. लिनेयसने निरुरी हे नाव दिले ती वनस्पती अमेरिका खंडातील. भारतीय ग्रंथांत मात्र ते नाव अमारस, फ्रॅटर्नस, डेबिलिस अशा अनेक जातींना सरसकट चिकटले होते. वनस्पतिशास्त्रज्ञ ग्रेडी वेब्स्टर यांनी १९५०च्या दशकातच हा गुंता सोडवला होता. औषधशास्त्राच्या निबंधांत तो त्यानंतरही कितीतरी वर्षे तसाच राहिला. म्हणजे जुन्या निबंधात ‘निरुरी’ वाचले, तर त्या बाटलीत नेमके काय होते हे सांगता येत नाही.

आता रसायन पाहू. अमारसमध्ये फिलॅन्थिन आणि हायपोफिलॅन्थिन ही लिग्नन वर्गातील संयुगे ठळक प्रमाणात असतात. यकृतपेशींच्या संरक्षणाचा गुण प्रयोगशाळेत त्यांच्याशी जोडला गेला आहे. फ्रॅटर्नस आणि डेबिलिसमध्ये ती नगण्य असतात किंवा आढळतच नाहीत. बाहेरून पाहाल तर फरक अगदी बारीक: अमारसच्या फुलाला ५ निदले, फ्रॅटर्नसला ६. फूल जेमतेम टाचणीच्या डोक्याएवढे, आणि वाळवून कुटल्यावर तेही उरत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण भारतातील दुकानांतून घेतलेले २५ नमुने डीएनएच्या आधारे तपासले गेले. ७६ टक्के नमुन्यांत मुख्यतः अमारसच होती. उरलेल्यांत फिलॅन्थसच्याच आणखी ५ जाती निघाल्या. त्यांतील एकीच्या नावात तर मद्रासच आहे, फिलॅन्थस मद्रासपटेन्सिस!

मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही. माझे शिक्षण भौतिकशास्त्राचे. पण आमच्याकडे टायटॅनियम डायऑक्साइडवर निबंध लिहायचा, तर नमुना रूटाइल आहे की अनॅटेस, हे क्ष-किरण विवर्तनाने आधी दाखवावे लागते. रासायनिक सूत्र एकच, तरी स्फटिकरचना वेगळी आणि म्हणून गुणधर्मही वेगळे. तो आलेख नसेल तर परीक्षक निबंध पुढे वाचतही नाहीत. वनौषधींच्या बाबतीत तर सूत्रही एक नसते.

चेन्नईच्या निष्कर्षाचे पुढे काय झाले? १९९० मध्ये थायलंडमधील आणि १९९४ मध्ये न्यूझीलंडमधील वाहकांवर अमारसचाच प्रयोग झाला. दोन्हीकडे निराशा पदरी पडली. २०११ च्या कॉक्रेन आढाव्यातही निष्क्रिय गोळीच्या तुलनेत लाभाचा खात्रीलायक पुरावा सापडला नाही. वनस्पतीची वाढ वेगळ्या मातीत झाली म्हणून, काढणीचा हंगाम निराळा म्हणून, की मूळ निष्कर्षच योगायोगाचा होता म्हणून? माझा कल तिसऱ्या शक्यतेकडे आहे. पण पहिल्या दोन सोडून द्यायच्या, तर दोन्ही ठिकाणच्या भुकटीचे रासायनिक आलेख शेजारी ठेवता यायला हवेत. केवळ ‘अमारस’ हे नाव त्याला पुरत नाही.

यात पणाला लागते ते रुग्णाचे यकृत. हेपटायटिस ए बहुतेकांत आपोआप बरा होतो. प्रौढांना झालेला हेपटायटिस बीचा नवा संसर्गही बहुतांश वेळा शरीर स्वतःच परतवते. त्यामुळे या काळात घेतलेला कोणताही रस गुणकारीच भासतो, मग तो कोणत्याही जातीचा असो. जुनाट संसर्ग झालेला माणूस याच अनुभवावर विसंबतो आणि टेनोफोविर किंवा एन्टेकाविरसारखी सिद्ध औषधे उपलब्ध असताना वर्षे दवडतो.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि विज्ञानवार्ता लिहिणाऱ्या मित्रांना एक विनंती. वनौषधीवरचा निबंध हाती आला की सारांशाआधी ‘साहित्य आणि पद्धती’ हा भाग उघडा. जाती कोणी ओळखली, नमुन्याचा हर्बेरियम क्रमांक काय, वनस्पतीचा कोणता भाग वापरला, अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, आणि त्यातील एखाद्या तरी संयुगाचे प्रमाण मोजले का, एवढे शोधा. उत्तरे न मिळाल्यास बातमीत तसे स्पष्ट लिहा. निष्कर्ष आपल्याला आवडणारा असेल तेव्हाही.