पाहुण्यांना शेव नको



मार्चच्या शेवटच्या रविवारी सकाळचं सामायिक आटोपताच नातीने मला महाराष्ट्र निसर्ग उद्यानात नेलं. माहीमजवळ, मिठी नदीच्या काठी ही सुमारे 37 एकरांची जागा आहे. एके काळी तिथे मुंबईचा कचरा पडत असे. आता दाट झाडी आहे, आणि झाडी आली म्हणून पाखरं आली.

नात म्हणाली, "आजी, नीट बघून घे. हे सगळे आता निघायच्या तयारीत आहेत."

पांगाऱ्याच्या लाल फुलांवर भोरड्यांचा थवा कलकलत होता. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. पावसाळा सरता सरता येणारे हे पाहुणे एप्रिलपर्यंत मध्य आशियाच्या वाटेला लागतात आणि तिथल्या गवताळ मुलखात, दगडांच्या सांदीत घरटी करतात. पायवाटेवर करडा धोबी शेपटी हलवत किडे टिपत होता. तो हिमालयात जाणार. तारेवर माळभिंगऱ्या ओळीने बसल्या होत्या, जणू गाडीची वाट बघताहेत.

मी बी.कॉम. हिशेब मांडल्याशिवाय मला काही पटत नाही. नातीने तोही सांगितला. प्रवासाआधी हे पक्षी भरपूर खाऊन अंगात चरबी साठवतात. एक ग्रॅम चरबीतून सुमारे 9 कॅलरी मिळतात, तेवढ्याच साखरेतून 4. म्हणजे कमी ओझ्यात जास्त शिदोरी. काही लहान पक्षी तर निघेपर्यंत वजनाने जवळजवळ दुप्पट होतात. आणि हे भांडवल उभं करायला हातात काही आठवडेच असतात.

परतताना खाडीवर कुरव दिसले, ज्यांना आपण सीगल म्हणतो. जानेवारीत त्यांची डोकी पांढरी होती, आता कॉफीसारखी तपकिरी झाली होती. नात म्हणाली, हा विणीचा रंग. ते आता लडाख-तिबेटच्या सरोवरांकडे जातील. ते ऐकून मी गप्प झाले.

कारण जानेवारीतली ती पांढरी डोकी मी बोटीवरून पाहिली होती. दरवर्षी ह्यांच्या पुण्यतिथीला आम्ही गेटवेहून मांडव्याच्या बोटीने जातो. मुलगा धक्क्यावर शेवेची पाकिटं घेतो आणि आम्ही मुठी भरभरून उधळतो. शेव हवेतच झेलली जाते, मुलं टाळ्या पिटतात आणि मनाला वाटतं, पुण्य पदरात पडलं. सासूबाई तर म्हणायच्या, "मासे खाण्यापेक्षा बेसन खाल्लं तर त्याचंही पाप टळेल."

हे मी नातीला सांगितलं. ती हसली नाही. एवढंच म्हणाली, "आजी, शिखरजीचा डोंगर तू नुसत्या शेवेवर चढशील का?"

मैत्रिणींनो, त्या दिवसापासून माझं मत बदललं आहे, आणि ते तुमच्यापुढे ठेवते. मुनिमहाराज आहाराला येतात तेव्हा चौक्यात आपण किती जपतो! कुणाचा मिठाचा त्याग, कुणाचा तेलाचा, कुणाचा तुपाचा. त्यांना काय चालतं ते विचारून ताट करतो, आपल्याला काय आवडतं ते वाढत नाही. मग पाखराच्या बाबतीतच हा विवेक कुठे जातो? कुरवाचा देह मासे, किडे, खेकडे यांवर घडला आहे. त्याला शाकाहारी करण्याचं काम आपल्याकडे कुणी सोपवलेलं नाही. आपण आपलं ताट शुद्ध ठेवावं. खारट, तळलेली शेव देऊन त्याचं पाप टळत नाही, फक्त आपली हौस फिटते. वर रिकामी पाकिटं उडून समुद्रात जातात, ती वेगळीच.

कुणी म्हणेल, राजस्थानात फलोदीजवळच्या खीचन गावात आपलेच लोक कुरजांना, म्हणजे करकोचा पक्ष्यांना, दाणे घालतात की! घालतात, आणि त्याचा मला अभिमान आहे. 2025 मध्ये खीचनला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जाही मिळाला. पण तिथे ज्वारी टाकतात, आणि धान्य हे कुरजांचं स्वतःचं अन्न आहे. त्यासाठी कुंपण घातलेली ठरलेली जागा आहे, पक्ष्यांच्या मागे कुणी धावत नाही. फरक इथेच आहे.

आपल्याकडे चार दानं सांगितली आहेत: आहार, औषध, ज्ञान आणि अभय. या पाहुण्यांना आपल्या हातचा आहार नको आहे. त्यांचा आहार खाडीत आहे, चिखलात आहे, पांगाऱ्याच्या फुलात आहे. तो तिथे टिकला पाहिजे आणि खाताना त्यांना कुणी हुसकावता कामा नये. ते अभयदान. कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर जंगल उभं करणाऱ्यांनी तेच दिलं, एकही दाणा न टाकता.

पुढच्या जानेवारीत आम्ही बोटीने जाऊ, पण शेव नेणार नाही. मुलाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पण बाबांना ते आवडायचं." खरं आहे. त्याला मी म्हटलं, त्यांना ती पाखरं आवडायची, शेव नव्हे.

तो अजून पुरता पटलेला नाही. मी वाट बघेन.