चौकातून सरकारी खात्यात

युक्रेनमध्ये २१ नोव्हेंबर हा दिवस ‘प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्य दिन’ म्हणून पाळला जातो. २०२५ मध्ये तो अगदी अडचणीच्या आठवड्यात आला. दोनच दिवस आधी तिथल्या संसदेने न्यायमंत्री हेर्मान हालुश्चेन्को आणि ऊर्जामंत्री स्वितलाना ह्रिन्चुक या दोघांना घरी पाठवले. एनर्गोआटोम या सरकारी अणुवीज कंपनीच्या ठेकेदारांकडून १० ते १५ टक्के वसूल केले जात होते आणि त्यातून सुमारे दहा कोटी डॉलर फिरवले गेले, असा राष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी ब्युरोचा, म्हणजे ‘नाबू’चा, आरोप आहे. या प्रकरणातला प्रमुख संशयित तिमुर मिंदिच हा राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांचा मनोरंजन व्यवसायातला जुना भागीदार. झडतीचे पथक दारात पोहोचण्याच्या काही तास आधीच तो देशाबाहेर गेला. आरोप तेव्हा न्यायालयात सिद्ध व्हायचे होते. पण टक्केवारीची ही रीत मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

अशा आठवड्यात मुस्तफा नय्येम यांची आठवण काढणे भाग आहे. नय्येम यांचा जन्म १९८१चा, काबुलमधला. पश्तून घरातला हा मुलगा लहानपणीच कीव्हमध्ये आला, तिथल्या पॉलिटेक्निकमध्ये अंतराळ तंत्रज्ञान शिकला आणि शेवटी पत्रकार झाला. ‘उक्रायिन्स्का प्राव्दा’ या ज्या वृत्तस्थळावर नय्येम यांनी नाव कमावले, त्याचे संस्थापक गेओर्गी गोंगाद्झे यांचा २००० साली खून झाला होता. सत्ताधाऱ्यांच्या मालमत्तेविषयी प्रश्न विचारण्याची किंमत काय असते, हे तिथे कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असे.

२१ नोव्हेंबर २०१३ रोजी तत्कालीन राष्ट्राध्यक्ष यानुकोविच यांच्या सरकारने युरोपीय संघाबरोबरच्या कराराची तयारी थांबवली. त्या संध्याकाळी नय्येम यांनी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या: रात्री साडेदहाला स्वातंत्र्य चौकात भेटू, छत्री, गरम कपडे आणि चहा घेऊन या, आणि नुसते ‘लाइक’ धरले जाणार नाहीत, येणार असाल तर तसे लिहा. मध्यरात्रीपर्यंत हजारावर माणसे जमली. पुढच्या तीन महिन्यांत तिथे शंभराहून अधिक आंदोलकांचे जीव गेले आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये यानुकोविच पळाले. त्यांच्या मेझिहिर्या या निवासस्थानाची दारे उघडली तेव्हा लोकांना गोल्फचे मैदान दिसले, खासगी प्राणिसंग्रहालयातले शहामृग दिसले, आणि शेजारच्या जलाशयात घाईघाईने फेकलेली कागदपत्रेही दिसली. पाणबुड्यांनी ती वर काढली, पत्रकारांनी पान-पान सुटे करून वाळवले. एका राजवटीचा जमाखर्च असा पाण्यातून बाहेर आला.

चार ओळींमुळे क्रांती झाली, असे म्हणणे भाबडेपणाचे आहे. लोकांचा राग आधीच साठलेला होता. त्याला जागा आणि वेळ मिळाली, एवढेच. स्वतः नय्येम यांनीही त्याहून मोठे श्रेय घेऊ नये. त्यांच्या कारकिर्दीची खरी गोष्ट त्यानंतरची आहे आणि ती बरीच रूक्ष आहे.

ऑक्टोबर २०१४च्या निवडणुकीत ते नवे राष्ट्राध्यक्ष पोरोशेन्को यांच्या यादीतून संसदेत गेले. सेर्ही लेश्चेन्को हे सहकारीही त्याच यादीत होते. चॉकलेटचा धंदा करणाऱ्या अब्जाधीशाच्या पक्षातून अब्जाधीशांविरुद्ध लढायचे, यातली विसंगती तेव्हाही लपलेली नव्हती. शत्रूंनी ती वापरलीच. लेश्चेन्को यांनी २०१६ मध्ये कीव्हच्या मध्यवस्तीत महागडे घर घेतले, तेव्हा पैसे कुठून आले हा प्रश्न त्यांच्याच हत्याराने त्यांच्यावर उलटला. पण त्याच वर्षांत ‘नाबू’ उभी राहिली, सरकारी खरेदी ‘प्रोझोरो’ या खुल्या संगणकीय प्रणालीवर आली आणि लोकप्रतिनिधींना मालमत्ता जाहीर करणे भाग पडले. घरात रोख डॉलर किती ठेवले आहेत हे खासदारांनी स्वतःच्या हाताने लिहून दिल्यावर देश थक्क झाला. २०१९ मध्ये स्वतंत्र भ्रष्टाचारविरोधी न्यायालय सुरू झाले. हे सगळे चौकातल्या पिढीने एकट्याने केले नाही. पाश्चात्त्य कर्जदारांनी मानगूट धरली नसती तर निम्मेही झाले नसते.

२०१९ मध्ये नय्येम यांनी पुन्हा उमेदवारी केली नाही. अशा वळणावर बहुतेक आंदोलक दूरचित्रवाणीवरचे भाष्यकार होतात. नय्येम सरकारी शस्त्रास्त्र महामंडळात गेले, मग पायाभूत सुविधा खात्यात उपमंत्री झाले आणि जानेवारी २०२३ मध्ये पुनर्उभारणी संस्थेचे प्रमुख. रस्ते, पूल, काखोव्का धरण फुटल्यावर तहानलेल्या शहरांसाठी जलवाहिन्या, असा सगळा कारभार. त्यातले सर्वांत निकडीचे काम होते विजेच्या उपकेंद्रांना कवच घालण्याचे. ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने वीजजाळ्यावर क्षेपणास्त्रे आणि ड्रोन डागायला सुरुवात केली. उपकेंद्रातला मोठा ट्रान्सफॉर्मर जळाला तर बाजारातून दुसरा आणता येत नाही. तो बनवून घ्यायला महिने लागतात. म्हणून आधी तारेच्या जाळ्यांत दगड भरून आणि वाळूची पोती रचून आडोसे केले, त्यानंतर ट्रान्सफॉर्मरभोवती काँक्रीटची जाड घरेच बांधायला घेतली. एवढ्या पैशाच्या कामाभोवती दलाल घोटाळणार हे ठरलेलेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये सत्ताधारी पक्षाच्याच एका खासदाराने त्यांना आणि मंत्री कुब्राकोव्ह यांना बिटकॉइनमध्ये लाच देऊ केली, असे प्रकरण ‘नाबू’ने उघड केले. या दोघांनीच त्यात तपासयंत्रणेला साथ दिली होती.

पुढच्या मे महिन्यात कुब्राकोव्ह यांना पदावरून काढण्यात आले. जूनमध्ये बर्लिनला युक्रेनच्या पुनर्उभारणीची आंतरराष्ट्रीय परिषद होती, आणि पुनर्उभारणी संस्थेच्याच प्रमुखाला तिला जाण्याची परवानगी मिळाली नाही. परिषदेच्या आदल्या दिवशी, १० जून २०२४ रोजी, नय्येम यांनी राजीनामा दिला. आधीच्या नोव्हेंबरपासून संस्थेपुढे मुद्दाम अडथळे उभे केले जात होते, झालेल्या कामाचे पैसे रखडवले जात होते, कर्मचाऱ्यांचे पगार कापले गेले, हे त्यांचे म्हणणे. आरोप नाही, चौकशी नाही. बिले अडवली की माणूस आपोआप निघून जातो.

आता एनर्गोआटोमकडे पाहा. ती संस्था वेगळी, ठेके वेगळे. पण ज्या कामांत टक्का मागितला गेला असे तपासनीस सांगतात, त्यांत वीजसुविधांना हल्ल्यांपासून वाचवणारी बांधकामेही आहेत. पैसे न देणाऱ्या ठेकेदाराचे बिल रोखायचे किंवा त्याचे नाव पुरवठादारांच्या यादीतून उडवायचे, ही तिथली पद्धत. म्हणजे एकीकडे बिल अडवून टक्का काढला जात होता आणि दुसरीकडे बिल अडवून नकोसा अधिकारी. चौकातल्या आंदोलनाला या चावीपर्यंत पोहोचता येत नाही. तिथे आतलाच माणूस लागतो, आणि तो आत टिकावा अशी इच्छा असणारा वरिष्ठ लागतो. झेलेन्स्की यांच्या सरकारवर आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. युद्ध चालू असताना चोऱ्या होतात, हे जगभर घडत आले आहे. ज्यांनी चोरी पकडायला मदत केली त्यांना टिकू दिले नाही, याला युद्धाची सबब चालत नाही.

२०२५च्या २२ जुलैला संसदेने घाईने कायदा करून ‘नाबू’ आणि तिचे विशेष अभियोक्ते यांना महाअभियोक्त्याच्या अखत्यारीत आणले. झेलेन्स्की यांनी त्याच रात्री सही केली. मार्शल लॉ असतानाही हजारो माणसे पुठ्ठ्याचे फलक घेऊन रस्त्यावर आली. त्यांतले अनेकजण २०१३ मध्ये प्राथमिक शाळेत असतील. ३१ जुलैला कायदा मागे फिरवावा लागला. पुढे नोव्हेंबरमध्ये ज्या संभाषणांवरून ते दोन मंत्री गेले, त्यांचे ‘नाबू’चे ध्वनिमुद्रण त्या उन्हाळ्यात चालूच होते. कायदा राहिला असता तर पंधरा महिन्यांच्या तपासाची ही फाइल राष्ट्राध्यक्षांनीच नेमलेल्या माणसाच्या टेबलावर गेली असती.